बांधावरचा जांभळा डाग

लातूरच्या ताहेरचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात बसून लोकांना पुस्तकं परत करण्याची स्मरणपत्रं लिहिणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. पत्र टेबलाच्या खणात होतं. रोज खण उघडायचो, चष्मा घ्यायचो आणि खण लावून टाकायचो.

मी नांदेडला मुलाकडे राहतो. निवृत्तीनंतर मला मोबाइल मिळाला आणि सुनेनं, श्रद्धानं, 'माळावरचे सोबती' नावाच्या फेसबुक ग्रुपमध्ये मला घातलं. मराठवाड्यातली हौशी मंडळी तिथं पशुपक्ष्यांचे फोटो टाकतात आणि एडिटिंगमध्ये काय चुकलं ते एकमेकांना सांगतात. मी कधी कॅमेरा हातात धरलेला नाही. पण दुसऱ्याच्या चुका शोधायची सवय जुनी. एकदा भीत भीत एका घुबडाखाली लिहिलं, की पिसांना इतकी धार दिल्यामुळं ते लाकडात कोरल्यासारखं दिसतंय. ग्रुप चालवणारा राघवेंद्र हदगावला शाळेत शिक्षक आहे. त्याचा लगेच फोन आला.

"काका, बरोबर पकडलात हो! आता सुटका न्हाई तुमची. दर आयतवारी तुमचा शेरा पाहिजे."

मला पडद्यावर बघून काही सुचत नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाच्या झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट आणायची, खटकेल तिथं लाल पेन्सिलीनं गोल करायचा, समासात शेरा लिहायचा आणि मग तो एका बोटानं मोबाइलवर टाइप करायचा, अशी पद्धत पडली. पेन्सिल टेबलाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली. ग्रंथालयात मोकळी पेन्सिल टिकत नाही. तीच सवय घरी आली.

ताहेर फ्रिजदुरुस्तीचं काम करतो आणि सकाळी कामाआधी जुना कॅमेरा घेऊन माळावर जातो. "सर, रागवा, पण नुसतं वाहवा करू नका," असं तो लिहायचा. माझ्यासारख्याचं बोलणं कुणी इतकं मनावर घेतं, याचंच मला अप्रूप. मी त्याला पोस्टानं पक्ष्यांवरचं एक जुनं पुस्तकही पाठवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यानं काळविटाचा फोटो टाकला. हरभऱ्यात उभा नर, मान किंचित डावीकडं, डोळ्यांत भीतीचा लवलेश नाही. मी लिहिलं: उजेड सुरेख. सावल्या इतक्या उजळू नका. शिंगांभोवती पांढरी कड आली आहे, धार कमी करा. डावीकडं बांधावर जांभळा डाग आहे, वाळत घातलेलं लुगडं असावं. नजर तिकडं ओढली जाते. काढा.

आमच्या ग्रुपचा नियमच आहे, चौकटीत माणसाची खूण नको. ताहेरनं डाग काढला, जुना फोटो उडवून नवा टाकला. लोकांना फार आवडला. राघवेंद्रनं तेवढं खाली लिहिलं, "काळवीट बघून राहिलंय कुणाकडं?"

दोन महिन्यांनी पत्र आलं.

"सर, आदाब. ग्रुपवर लिहायला नको वाटलं म्हणून पुस्तकाच्या पाकिटावरचा पत्ता घेतला. तो डाग माझी अम्मी होती. चांदबी. गुडघे दुखायचे तरी स्कूटरवर माझ्या मागं बसून यायची, अन् माझं होईपर्यंत शाल पांघरून बांधावर बसायची. हरणं तिला भीत नव्हती. अम्मी मागच्या जुम्म्याला गेली. तिनं कधी फोटो काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की पाठ फिरवायची. आधार कार्डावर हाय एक, त्यात तिला मी बी ओळखत न्हाई. हरभऱ्यातला तो एकच होता, तो बी पाठमोरा. मूळ फोटो मी ठेवला नाही, कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं. तुम्ही प्रिंट काढता ना सर? असली तर पाठवा. तुमची चूक न्हाई. मलाच अक्कल पाहिजे होती."

प्रिंट फाइलला लावलेली होती. पण तिच्यात त्याच्या आईभोवती लाल गोल होता आणि शेजारी माझ्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: काढा. हे त्याला कसं पाठवायचं? खोडून पाठवणं म्हणजे पुन्हा एकदा लबाडी. मी फाइल उघडलीच नाही.

महिन्याभरानं चाकूरच्या एकाचा टिटवीचा फोटो आला. मी लिहिलं, मागं उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग आहे. त्यानं विचारलं, कोणता डाग? मग राघवेंद्रचा फोन.

"काका, तिथं नुसतं गवत हाय की."

"लुगड्यासारखं काही नाही?"

"लुगडं? काका, चष्मा पुसा बरं."

प्रिंट माझ्यासमोर होती आणि डाग तिच्यात होता. मी डोळे तपासून घेतले. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात याहून चांगले डोळे मिळणार नाहीत.

पुढं अहमदपूरच्या कोल्ह्यामागं तो दिसला. मग लोह्याच्या नीलपंखामागं. आता मी कुणाला काही बोलत नव्हतो. दर वेळी तो मोठा होत होता. लोह्याच्या फोटोत तारेच्या कुंपणाशी बसलेली पाठ स्पष्ट होती. शालीची किनार, पाठीला आलेला बाक, गुडघ्यावर टेकलेला हात.

तिन्ही प्रिंटा एका ओळीत मांडल्या. चाकूर, अहमदपूर, लोहा. लातूरहून नांदेडला येणारी एसटी याच क्रमानं थांबते.

गुडघे दुखत असतील, असं मनात आलं. भीती त्यानंतर वाटली.

मग एका रविवारी सकाळी श्रद्धा मोबाइल घेऊन आली. "बाबा, साऱ्या दुनियेला शेरे मारता, आता सुनेच्या बुलबुलाला पण मारा एक."

आमच्या गॅलरीतल्या कुंडीवर बसलेला बुलबुल होता. त्याच्यामागं माझी वेताची खुर्ची. खुर्चीत जांभळी शाल पांघरून, पाठमोरी, चांदबी बसल्या होत्या.

"सांगा ना, काय काढू?"

"काही काढू नकोस."

"अहो, मागं ती रिकामी खुर्ची किती वाईट दिसून राहिली."

"राहू दे गं."

"लई जपून बोलताय. सुनेला भिता व्हय?" ती हसत चहा टाकायला गेली.

मी गॅलरीत गेलो. खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. "चुकलो, आपा," म्हणालो. म्हणजे ओठ हलवले. मोठ्यानं बोलणं मला कधी जमलंच नाही.

मग फाइल काढली.

काळवीट होतं. लाल गोल होता. समासातलं 'काढा' होतं. गोलाच्या आत बांध मोकळा होता. कुणी उठून गेल्यावर राहतं तसं गवत तेवढं दबलेलं.

मी रबर घेतला. आधी 'काढा' खोडलं, नंतर गोल. कागद खराब होऊ नये म्हणून हळूहळू, फुंकर मारत.

स्वयंपाकघरातून हाक आली. जाऊन चहा घेतला. अर्धा कप टाकला आणि परत आलो.

त्या बांधावर बसल्या होत्या.

समोर तोंड करून.

शाल डोक्यावरून थोडी मागं सरलेली. उन्हात बघताना करतात तसे डोळे बारीक केलेले. ताहेरचंच नाक. काळवीट त्यांच्याकडं बघत होतं, आणि त्या माझ्याकडं.

उजव्या हाताशी लाल रेघ राहिली होती. मी रबर फिरवला. गेली नाही. पुन्हा फिरवला. मग भिंग लावलं.

रेघ मुठीत होती. घट्ट धरलेली.

टेबलाखाली हात घातला. सकाळीच मी पेन्सिलीला टोक केलं होतं. दोरा होता. दोऱ्याची गाठ तशीच होती. पेन्सिल नव्हती.

उत्तर लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. "ताहेर, फार उशीर केला, माफ करा. अम्मींना पाठवत आहे. या फोटोतलं काहीही काढू नका." सही केली. थोडा विचार करून सहीखाली आणखी लिहिलं, "हातात लाल दिसतं आहे ते माझं आहे. त्यांच्याकडंच राहू द्या."

प्रिंट दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवली, पाकीट बंद केलं, आणि चालत जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकलं.