सतरावा आकडा

सारान गावाजवळच्या त्या कोळसा खाणीत मी फेब्रुवारीत कामाला लागले. काम साधं होतं. पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, सोळा माणसं खाली जायची आणि सोळाच वर यायला हवीत. ते मोजणारं यंत्र मला बसवायचं होतं. पिंजऱ्याला एकच दार होतं, म्हणून जो शेवटी आत शिरे तोच आधी बाहेर पडे. दारावरच्या खोक्याला प्रत्येक जण गळ्यातला बिल्ला टेकवायचा, जाताना आणि येताना.

खोक्यात आठ बिटांची स्वस्त चिप होती. तिच्यात स्वतःचा एक स्टॅक, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी निघणारी चळत, असतो, पण तो प्रोग्रामचे परतीचे पत्ते ठेवण्यापुरताच. आपले आकडे त्यावर रचता येत नाहीत. म्हणून मी असेंब्ली भाषेत प्रोग्राम लिहून दुसरा रचला. मेमरीतली बत्तीस घरं राखून ठेवली आणि चिपमधल्या एका रजिस्टरला त्यांच्या माथ्याकडे बोट दाखवायला लावलं. आकडा ठेवला की बोट एक घर वर, काढला की एक घर खाली. माणूस आत गेला की त्याचा आकडा वर ठेवायचा, बाहेर आला की काढायचा. बिल्ला आणि माथ्यावरचा आकडा जुळला तरच दाराचा अडसर फिरे. शेवटी बोट तळाशी आलं नाही, तर माणूस खाली राहिला. मग बचाव पथक पाठवायचं, असा नियम.

टेबलावर सगळं चोख चाललं. सोमवारी शाफ्टवर, खाणीच्या विहिरीच्या तोंडाशी, बसवलं. सोळा गेले, सोळा आले आणि तळाशी एक आकडा उरला. सात.

"रौशान, सात नंबरचा बिल्लाच नाहीये इथे," पाळीप्रमुख कायरोल्ला-आगा म्हणाले. कामगारांना दिवे आणि बिल्ले देणाऱ्या दिवाखोलीतल्या इर्मा हेनरिखोव्नाने मान हलवून दुजोरा दिला. बिल्ले एकशे एकपासून सुरू होत.

मला वाटलं, मेमरीत आधीचा कचरा राहिला असेल. सुरुवातीलाच सगळी घरं पुसायची ओळ टाकली. मंगळवारी पुन्हा सात. पण तळाशी नाही, तळापासून दुसऱ्या घरात. म्हणजे एक माणूस आत शिरल्यानंतर तो शिरला होता. बुधवारी तिसऱ्या घरात. मी चिप बदलली, तार बदलली, बॅटरी बदलली. तो रोज एक घर वर सरकत राहिला. रोज त्याची पाळी आली की दार अडकायचं आणि मला हाताने तो आकडा काढून टाकावा लागायचा.

माणसं आधी हसली. "अपके, तुझं यंत्र भुकेलं आहे, एक जास्तीचा मागतंय," माझा धाकटा भाऊ सेरझान म्हणाला. थोरल्या बहिणीला आमच्याकडे अपके म्हणतात. तो याच पाळीत होता, बिल्ला दोनशे बारा. सगळ्यांत आधी पिंजऱ्यात शिरून मागच्या कोपऱ्यात उभं राहायची त्याला सवय होती. दुसऱ्या आठवड्यात मात्र तो घरी जेवताना म्हणाला, "हल्ली पिंजऱ्यात दाटी होते गं. खांदे आवळून उभं राहावं लागतं."

"तेच सोळा जण ना?"

"तेच." त्याने पाव मोडला आणि विषय बदलला.

कायरोल्ला-आगांचा धीर सुटत चालला होता. "अगं, एक ओळ टाक ना! जास्तीचा आकडा दिसला की फेकून द्यायचा. किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं," मी म्हटलं. "पण खाली राहिलेला माणूसही जास्तीचा आकडाच दिसेल, आगा."

ते हात झटकून निघून गेले.

तेविसाव्या दिवशी, सुट्ट्या वगळता कामाच्या सतराव्या, दुपारी दोनला पिंजरा वर आला. सात माथ्यावर होता. मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात बिल्ला टेकवल्यासारखा खोक्याने टुण असा आवाज केला आणि अडसर आपोआप फिरला. सात निघून गेला. दारात कुणी नव्हतं.

मग माणसं येऊ लागली. टुण, टुण. मी पंधरा आवाज मोजले. सगळ्यांत शेवटी सेरझान आला, पुढच्याच्या पाठीला चिकटून. आवाज झाला नाही.

पडद्यावर एक आकडा उरला होता. दोनशे बारा.

मी डोकी मोजली. सोळा. पुन्हा मोजली. सोळाच.

"पथक पाठवा," मी म्हणाले.

"वेड लागलंय का तुला?" कायरोल्ला-आगा ओरडले. "तुझा भाऊ तुझ्यासमोर उभा आहे!"

"नियम आहे. पाठवा."

त्यांनी शिवी हासडली, पण पाठवलं. बाकीचे अंघोळीला गेले. सेरझान माझ्या खोलीत येऊन बाकावर बसला. मी त्याला दुधाचा चहा दिला. त्याने कप दोन्ही हातांत धरला. तोंडावर कोळशाची काजळी होती, सगळ्यांच्या असते तशी. मी पाठ फिरवून माझ्या ओळी तपासू लागले. ठेवण्याच्या तीन, काढण्याच्या तीन. चूक सापडत नव्हती.

पंचवीस मिनिटांनी खालून फोन आला.

"बरं झालं पाठवलंत," पथकाचा प्रमुख म्हणाला. "सेरझान इथे खालच्या फलाटावर बसलाय. दोनशे बाराचा बिल्ला गळ्यात आहे. थंडीने कुडकुडतोय आणि विचारतोय, पिंजरा मला सोडून का गेला?"

मी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

"हॅलो? वर सगळे नीट आहेत ना?"

माझ्या पाठीमागे, कप बाकावर ठेवल्याचा आवाज झाला.