खोकं उद्या आणतो

घरातून निघताना पुठ्ठेकाकांच्या मनात भीतीबिती काही नव्हती. दुपारचं ऊन होतं, जेवण झालं होतं, आणि एका जुन्या खेळण्यांच्या दुकानाचा उरलासुरला माल निघतोय असा निरोप आला होता. असले निरोप त्यांना महिन्यातून दोनदा तरी यायचे.

माणूस पेशाने घड्याळं दुरुस्त करणारा. पण जीव सगळा अडकलेला जुन्या, ओतीव धातूच्या खेळण्यातल्या विमानांत, आणि विमानांहून जास्त त्यांच्या मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यांत. म्हणून तर सगळे त्यांना पुठ्ठेकाका म्हणत. विमानाचा रंग उडालेला त्यांना चालायचा, खोक्याचा कोपरा दबलेला खपायचा नाही. कपाटात अडीचशे विमानं होती आणि प्रत्येक आपापल्या खोक्यात. "मलाही खोक्यात घालून आणलं असतं तर यांनी जास्त जपलं असतं," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

या वेडाचं मूळ मात्र एका चोरीत होतं. काका सात वर्षांचे असताना त्यांनी थोरल्या बहिणीचं, ताईचं, विमान पळवलं होतं. चंदेरी, चार पंख्यांचं, पाण्यावर उतरणारं विमान. ताई तेव्हा बारा वर्षांची. मोठेपणी आपण असलंच विमान चालवणार, असं ती वर्गात छातीठोकपणे सांगायची. झाली मात्र इस्पितळात मेट्रन. काकांना त्याच्या बदल्यात खेळण्यांच्या दुकानातली लाल बस हवी होती. दुकानदाराने विमान उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "याचं खोकं कुठाय?" "उद्या आणतो," असं सांगून काका बस घेऊन पळाले. इकडे ताईने खोकं असं दडवलं की ते पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडलं नाही. बस महिन्याभरात मोडली.

त्यानंतर साठ वर्षं ताई भेटली की पहिला प्रश्न ठरलेला. "काय रे, आणलंस का माझं विमान?" रागाने नव्हे, चेष्टेनेच, पण काकांच्या काळजाला तो दर वेळी टोचायचा. आता चार महिने झाले, ताई त्यांच्याच घरी अंथरुणाला खिळली होती. पडून मांडीचं हाड मोडलं होतं. "हाड जुळलंय हो, मन जुळायचंय," असं डॉक्टर म्हणाले होते. ती उठत नव्हती, धड जेवत नव्हती, आणि विमानाचं विचारणंही तिने सोडून दिलं होतं. काकांना रात्रंदिवस घोर लागला होता तो याचाच.

निरोपात एवढंच होतं, की चार पंख्यांचं एक चंदेरी विमान आहे, खोकं नाही. काकांनी पिशवीत असल्याच विमानाचं, आधीच स्वतः बनवून ठेवलेलं खोकं घेतलं. दुसऱ्या एका संग्राहकाकडचं मूळ खोकं मापून, पुठ्ठा चहाच्या पाण्यात जुना करून, दोन महिने खपून त्यांनी ते केलं होतं. कुणी फसू नये म्हणून आतल्या घडीवर त्यांनी पेन्सिलीने 'नक्कल' असंही लिहून ठेवलं होतं.

पत्ता शोधत गेले, तर दुकान तेच, साठ वर्षांपूर्वी बस घेऊन पळाले होते ते! त्यानंतर शरमेने ते इकडे कधी फिरकलेच नव्हते. पाटी उतरवलेली, फळ्या रिकाम्या. म्हातारा दुकानदार जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्या सुनेने त्यांना मागच्या खोलीपर्यंत नेलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

"बाकी सगळं गेलं. हे एवढं एक जात नाही."

"गिऱ्हाईक मिळत नाही?"

"गिऱ्हाईकं पुष्कळ येतात. विमान उचलत नाही."

काका हसले. सून हसली नाही.

"दोन हमाल लावून बघितले. कपाट हललं, पण विमान फळीवरून सुटलं नाही. सासरे कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. याचं खोकं यायचंय, म्हणायचे. शेवटच्या दुखण्यातसुद्धा तेच... पोरगा उद्या आणतो म्हणालाय..."

तो पोरगा म्हणजे आपणच, हे काकांनी ओळखलं. पण इतक्या जवळ येऊन मागे फिरतील तर ते पुठ्ठेकाका कसले!

खोलीला खिडकी नव्हती. वर एक पिवळा दिवा, हवेत जुन्या रंगाचा आणि सुकलेल्या खळीचा वास. समोरच्या फळीवर ते एकटंच उभं होतं. तिसऱ्या पंख्याचं पातं वाकलेलं होतं. लहानपणी ताईने ते दाताने सरळ करायला जाऊन आणखी वाकवलं होतं. साठ वर्षांत काकांनी हजार विमानं हाताळली होती, पण याला हात लावण्याआधी त्यांनी तळवे सदऱ्याला पुसले. त्यांनी ते उचललं. उचललं कसलं, ओढलं, मग दोन्ही हातांनी हिसकलं. ते फळीतूनच उगवल्यासारखं घट्ट होतं, आणि हाताला बर्फासारखं गार लागत होतं.

मग त्यांनी पिशवीतून खोकं काढलं.

दिवा हळूहळू मंद होत विझला. दारातून येणारा उजेडही कुणी पुसून घेतल्यासारखा गेला. अंधारात त्यांच्या हातातलं खोकं कुणीतरी अलगद काढून घेतलं. ओढून नव्हे, दुकानदार माल बघायला घेतो तसं. आणि मग तो आवाज आला. पुठ्ठ्याच्या घडीवरून नख फिरवल्याचा. खर्र... खर्र... घडी कारखान्यातली की हाताने पाडलेली, हे संग्राहक असंच बघतात. काका स्वतः रोज बघायचे. नख फिरवणारा माणूस नाकाने जड श्वास घेत होता. तो श्वास त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता.

त्यानंतर खळ सुटल्याचा आवाज. एक जोड, दुसरा जोड, तिसरा. काकांच्या तळहातांवर काहीतरी सपाट ठेवलं गेलं. दिवा लागला. त्यांचं खोकं कुठेही न फाटता उलगडलेलं होतं, आणि 'नक्कल' हा शब्द वरच्या बाजूला होता.

"उद्या... म्हणाला होतास..." त्यांच्या कानामागे कुणीतरी थकल्या आवाजात म्हणालं.

काका घरी कसे पोचले ते त्यांनाही सांगता आलं नाही. ते तडक ताईच्या खाटेशी बसले आणि लहान मुलासारखं सगळं सांगून टाकलं. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सगळं ऐकून ती त्यांच्याकडे वळली.

"खोकं मागतोय?"

"हो."

"माझं?"

"ताई, दे ना ते. मी जपून नेतो, अगदी..."

"तुझ्या हातात? एकदा विमान नेलंस तेवढं पुरे झालं." ताईने काकांच्या बायकोला हाक मारली. "अगं, माझी ट्रंक ओढ जरा. आणि माझी काठी कुठं ठेवलीय?"

काठी हा शब्द चार महिन्यांत त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. बायकोच्या हातातलं भांडं खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता भावाच्या खांद्यावर एक हात आणि काठीवर दुसरा अशी ताई त्या खोलीत शिरली. बगलेत खोकं होतं. निळ्या पट्ट्यांचं, कडा पिवळ्या पडलेलं, अस्सल. काकांनी ते साठ वर्षांनी पाहिलं आणि अशा वेळीसुद्धा त्यांची नजर आधी कोपऱ्यांवर गेली. चारही कोपरे शाबूत होते!

दिवा विझला. खर्र... खर्र... नख या वेळी घाईने फिरत होतं. नाकातला श्वास आता धापेसारखा येत होता. मग खोकं खेचलं गेलं. ताईने सोडलं नाही. अंधारात पुठ्ठा करकरला.

"ताई, सोड..." काका कुजबुजले. "कोपरा फाटेल..."

"फाटू दे!" ताई म्हणाली, आणि तिने चाळीस वर्षं अख्खा वॉर्ड ज्या आवाजाने सुतासारखा सरळ ठेवला होता तो आवाज काढला. "अहो दुकानदार! सात वर्षांच्या पोराकडून माल घेतलात. कुणाचा आहे, विचारलंत का? खोकं आणलंय, पण ते तुम्हाला द्यायला नव्हे. माझं विमान न्यायला आणलंय. साठ वर्षं सांभाळलंत, उपकार झाले. आता हात काढा."

धाप थांबली. काळोखात नुसता खळीचा वास राहिला. काकांना वाटलं, आता इथून आपण दोघंही बाहेर पडत नाही.

"...बस?" कुणीतरी अगदी हळू विचारलं.

"ती मोडली," ताई म्हणाली. "तुमचा मालच कच्चा होता."

कुठेतरी कुणीतरी खोकलं, किंवा हसलंही असेल. दिवा लागला. ताईने पुढे होऊन ते विमान दोन बोटांत उचललं, टेबलावरचं थर्मामीटर उचलावं इतक्या सहज.

"आधी शेपटी घालायची रे. नाहीतर पंखे वाकतात."

विमान खोक्यात सरकलं आणि बरोबर बसलं. काका तिथेच डोळे पुसत उभे राहिले. त्यांचं साठ वर्षांचं चोरीचं ऋण आज फिटलं होतं. ताई खोकं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून दुकानातून बाहेर आली, शर्यत जिंकून आल्यासारखी, आणि भर रस्त्यात मोठ्याने हसली. काठी आतच राहिली होती, हे घरी पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून विमान दाखवलं, आणि झोपताना खोक्याला स्वतःच्या हाताने दोरा बांधून ते उशाशी ठेवलं.

सकाळी काका चहा घेऊन गेले. ताई गाढ झोपली होती. दोऱ्याची गाठ जशीच्या तशी होती आणि पुठ्ठा कोरडा ठणठणीत. राहवेना म्हणून त्यांनी गाठ सोडून विमान बाहेर काढलं. त्याचं पोट ओलं होतं. त्यांनी बोट लावून जिभेवर टेकवलं, तर पाणी खारट. त्या गावाहून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर होता.

पांघरूण सारखं करावं म्हणून ते खाली वाकले. ताईच्या दोन्ही तळपायांना ओली वाळू लागली होती.

"ताई... अगं, हे काय?"

ताईने डोळे उघडले नाहीत. ओठांवर मात्र हसू होतं.

"आज माझा स्वेटर काढून ठेव," ती झोपेतच म्हणाली. "आणि तुझा एखादा जुना कोटही दे. दुकानदारांना वर फार थंडी वाजते."