कपाची जागा

बाईंचा नियम साधा होता. वस्तू एक, दिवसाला फोटो एक, आणि वस्तूला हात लावायचा नाही. हलायचं आपण.

"घरातली रोजची वस्तू घे," त्यांनी पहिल्याच निरोपात सांगितलं. त्या लिहीत नसत, फोनवर बोलून पाठवत. "सुंदर नको. सुंदर वस्तू माणसाला आळशी करते. दहा दिवस, दहा रचना. तासभर बघ आणि एकदाच बटण दाब. खटाखट काढायचे असतील तर कुणाच्या तरी लग्नाला जा."

बाईंनी चाळीस वर्षं एका स्टुडिओत भांड्यांचे, बुटांचे, घड्याळांचे फोटो काढले होते. आता त्या शिकवत आणि त्याच स्टुडिओला माणसं सुचवत. माझे दहा जमले तर मला तिथे अर्ध्या दिवसाचं काम मिळणार होतं. आमची ठकी तेव्हा आठ महिन्यांची होती. त्या आठ महिन्यांत मी स्वतःची म्हणून एकही गोष्ट पुरी केली नव्हती. चहासुद्धा.

म्हणून मी कपच घेतला. पांढरा, निळ्या कडेचा, कानापाशी टवका उडालेला, तळाशी गार चहा. उष्टा होता तसाच ठेवला.

आमचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, आतल्या खोलीत भिंतीला लागून ठकीची लाकडी गजांची खाट. खिडकीसमोर दुसरी इमारत उभी, त्यामुळे ऊन आमच्याकडे सरळ येत नाही. दुपारी एक ते दोन ते समोरच्या काचांवर आपटून येतं, उसनं. ठकी झोपते तीही तेव्हाच. मी कपाच्या बुडाभोवती टेबलावर चिकटपट्टीचे चार तुकडे लावले. स्टुडिओत लावतात तसे, चुकून धक्का लागलाच तर वस्तू पुन्हा त्याच जागी ठेवता यावी म्हणून.

"म्हणजे मी चहा कशातून प्यायचा?" नवऱ्याने विचारलं.

"ग्लासातून."

"कपाला दहा दिवस सुट्टी. मला रविवारी पण नाही."

पहिल्या दिवशी कप बरोबर मधोमध. दुसऱ्या दिवशी चौकटीचे मनाने तीन भाग पाडून तो एका रेषेवर, म्हणजे एका बाजूला. तिसऱ्या दिवशी टेबलाच्या फळ्यांच्या फटी कपाकडे धावताना दिसतील अशी खाली वाकले. कॅमेरा फोटो आपोआप बाईंच्या फोल्डरमध्ये टाकत असे. मी फक्त वहीत फोटोचा नंबर लिहायची, जुनी सवय. चारशे अकरा. चारशे तेरा. चारशे पंधरा.

सलग नव्हते. लक्षात आलं, पण ठकीला दात येत होते. तेव्हा घरात सलग असं काहीच नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी बाईंचा निरोप आला. "रेषा छान धरल्यास. पण रोज एकच म्हटलं होतं ना? आणि दुसरी वस्तू कशाला? असो. गजांचा उपयोग सुरेख केलायस. पोरीकडे नजर आपोआप जाते."

बाईंचं वय झालंय, त्यांनी दुसऱ्या कुणाचं माझ्या नावावर घातलं, असं मला वाटलं. ठकीला भरवून, निजवून मग फोल्डर उघडलं.

कपाचे तीन होते. त्यांच्या मधेमधे ठकीचे तीन. झोपलेली, मधोमध. झोपलेली, एका बाजूला. तिसऱ्यात खाटेचे गज एकामागून एक तिच्याकडे धावत गेलेले. प्रत्येकावर वेळ होती, माझ्या फोटोनंतर बरोबर एक मिनिटाची. त्या मिनिटाला कॅमेरा माझ्या हातात होता आणि मी बाहेरच्या खोलीत होते.

नवऱ्याने फोन जवळ धरून फोटो पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच मायेने. "तूच काढलेस गं. आठ महिने नीट झोप नाही तुला. परवा तू मीठ फ्रीजमध्ये ठेवलं होतंस."

मीठ ठेवलं होतं, हे खरं.

चौथ्या दिवशी चौकटीत चौकट. खुर्चीच्या पाठीच्या पोकळीतून मी कप पाहिला. खटका दाबला आणि कॅमेरा टेबलावर ठेवून तशीच आत धावले. ठकी झोपलेली. पडदा स्थिर. पायांखाली फरशी गार होती. कुणी नाही. संध्याकाळी फोल्डरमध्ये ठकी होती, दोन गजांच्या मधोमध, भिंतीच्या बाजूने घेतलेली. ठकीच्या खाटेत आणि भिंतीत चारच बोटं जागा होती.

इथेच थांबायला हवं होतं. हे मी मलाच सांगतेय, कारण दुसरं कुणी विचारत नाही.

मी थांबले नाही. त्या दिवशी खाट खोलीच्या मधोमध ओढली, ठकीला माझ्या नजरेसमोर ठेवू लागले, दार उघडं ठेवू लागले आणि फोटो काढत राहिले. पाचवा वरून, सहावा खालून, सातवा मागे आरसा उभा करून, कप आणि त्याचं प्रतिबिंब. ती समोर दिसत असतानाही तिचा फोटो यायचाच. बाई खूश होत्या. "कपाचे बरे आहेत," त्या म्हणाल्या, "पण पोरीचे जे काढलेस, त्यात हात जराही हललेला नाही. स्टुडिओत दाखवले. जागा तुझीच समज." खोटं कशाला बोलू, मला मत्सर वाटला. ते माझ्यापेक्षा चांगले होते. ज्याने कुणी काढले तो तिच्याकडे तासभर बघत होता, आणि मी कपाकडे.

आठव्या दिवशी इतकं जवळ जायचं होतं की वस्तू ओळखू येऊ नये. मी कानाजवळचा टवका घेतला. नंतरच्या फोटोत ठकीच्या पापण्या होत्या. एकेक केस मोजता येईल अशा. चित्राच्या खालच्या कडेला धुरकट गोल होता. कॅमेरा बघितला. काचेवर वाफ धरली होती, इवल्याशा नाकाएवढी. मी ती पदराने पुसली. हाताला दुधाचा वास आला.

नववी रचना रिकाम्या जागेची. वस्तू कोपऱ्यात, अगदी लहान, बाकी सगळं मोकळं. मी भिंतीला पाठ लावून कप कोपऱ्यात ढकलला, म्हणजे नजरेने. बोट बटणावर ठेवून बराच वेळ उभी होते. आतून ठकीचा श्वास ऐकू येत होता. स्टुडिओचं पत्र सकाळीच आलं होतं, सोमवारपासून या म्हणून, दहा पुरे झाले की.

दाबलं.

त्या फोटोत ठकी उजव्या कोपऱ्यात, खाली, नखाएवढी. बाकी मोकळं. पण आमची आतली खोली दहा फुटांची आहे. या फोटोत भिंत नव्हतीच. फरशी मागे जात होती, जात होती, आणि कुठेच संपत नव्हती.

त्याच संध्याकाळी बाईंनी दहावी रचना सांगितली. "शेवटची, सगळ्यात अवघड. आता वस्तू उचल. ती नाही, तिची जागा टीप. ती इथे होती हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे."

मी निरोप दोनदा ऐकला. मग कॅमेऱ्याची बॅटरी काढली, कॅमेरा कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, "या कपाला कुणीही हात लावायचा नाही."

"किती दिवस?"

"कायमचा."

तो हसला नाही. बॅटरी त्याने स्वतःच्या खिशात टाकली. स्टुडिओला मी येत नाही म्हणून कळवलं. बाईंचे दोन-तीन निरोप आले, मी उत्तर दिलं नाही.

तीन महिने कप तिथेच होता. चहा आटला, तळाशी तपकिरी साय धरली. आम्ही टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर जेवायचो. ठकी धरून धरून उभी राहायला लागली, तशी मी टेबलाभोवती खुर्च्यांचं कुंपण केलं. सगळं सवयीचं होतं. भीतीलाही घरात एक कोपरा दिला की ती तिथे बसून राहते.

परवा सासूबाई आल्या. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, आई, त्या कपाला हात लावू नका. त्या "बरं" म्हणाल्या. मला वाटलं, झालं.

काल सकाळी मी ठकीला अंघोळ घालून बाहेर आले, तर टेबल लख्ख पुसलेलं. सासूबाई ओट्याशी कप विसळत होत्या.

"अगं, बुरशी धरली होती," त्या म्हणाल्या. "लेकराच्या घरात असं ठेवतात का? रागावू नकोस. पट्ट्यांना नाही हात लावला."

चार पट्ट्या जागच्या जागी होत्या. त्यांच्या मधे चहाचं वर्तुळ, पुसूनही न गेलेलं.

"आणि ते कपाट एकदा बघून घे," कप पालथा घालत त्या म्हणाल्या. "मी हा उचलला ना, तर वरच्या फळीवर खट्ट झालं. उंदीर असेल."

मी कपाट उघडलं नाही. ठकीला उचलून कडेवर घेतलं.

दुपारी बाईंचा निरोप आला. तीन महिन्यांनंतरही आवाज तोच.

"दहावा मिळाला. दोन्ही मिळाले. कपाचा ठीक आहे. पण दुसरा, काय सांगू तुला. गादीवरचा तो खळगा. उशीवर ओली लाळ. बघणाऱ्याला वाटतं, आत्ता, या क्षणी इथून कुणीतरी उचललंय. शाबास."

मी फोल्डर उघडलं नाही. नवऱ्याला फोन केला, तो येतो म्हणाला. आला. सासूबाई रडल्या, माझा काय दोष म्हणाल्या. त्यांचा काहीच नाही, हे मी त्यांना सांगितलं, आणि ते खरं आहे. नववं बटण मी दाबलं होतं.

कालपासून मी ठकीला खाली ठेवलेलं नाही. जेवताना मांडीवर, रात्री छातीवर. नवरा म्हणतो, थोडा वेळ मला दे. मी देत नाही. आता दुपारचा एक वाजलाय, समोरच्या काचांवरून ऊन आलंय आणि ती माझ्या डाव्या खांद्यावर झोपलीय. मी उजव्या हाताने लिहितेय. लिहिलं म्हणजे जागी राहीन, आणि कुणीतरी हे वाचलं म्हणजे ती इथे होती... नाही. ती इथे आहे हे कळेल.

मघाशी तिचा श्वास मानेला लागत होता. केसांना साबणाचा वास आहे. डाव्या हाताला मुंग्या आल्यात, खांद्यापासून बोटांपर्यंत. त्यामुळे असेल, पण बराच वेळ झाला, तिचं वजन कळत नाहीये.

एवढी ओळ पुरी झाली की वळून बघते.