नऊ ओळींची जाळी

बळेपेटेतल्या आमच्या दारात तो आला, तेव्हा मी सातव्या ओळीवर होते. एवढं मला नक्की आठवतं. त्यानंतर किती ओळी विणल्या ते मात्र आठवत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

बुधवार होता. पाऊस म्हणावा की नाही अशी बंगळूरची भुरभुर चालू होती. दारात एक उंच तरुण, काखेत स्नूकरचा लांब क्यू, चष्म्याच्या काचांवर थेंब...

"उमाजीराव टेबलवाले इथेच राहतात ना? माझ्या क्यूच्या टोकाची टीप निघालीय."

"स्वल्प थांबा. अण्णा, म्हणजे वडील, येतीलच."

"स्वल्प!" तो हसला. "आमच्या पुण्यात हा शब्द फक्त व्याकरणाच्या पुस्तकात राहतो."

मी मान खाली घालून सुई चालवू लागले. कान तापले होते.

"आणि हे काय विणताय? बाळाचं टोपडं?"

"टोपडं नव्हे. पॉकेट आहे. स्नूकरच्या टेबलाचं."

"म्हणजे ज्यात माझे बॉल कधी जात नाहीत, ते?"

मला हसू आलं. मग मी उगीचच बोलत सुटले. पॉकेटचं तोंड अण्णा कापतात आणि पोट मी विणते, असं सांगितलं. तोंडाशी रबर गोलसर कापलं तर बॉल अलगद आत सरकतो. कापताना टोक राहिलं तर या ओठावरून त्या ओठावर आपटून तो बाहेरच राहतो.

"आणि पोट?"

"पोट खोल हवं. अकरा ओळींच्या जाळीत तीन बॉल निवांत बसतात. ओळी कमी पडल्या तर तिसरा आधीच्या बॉलवर आपटून परत टेबलावर."

"आलेल्या पाहुण्याला घालवून देणं झालं हे."

"पाहुणा कसा आहे त्यावर आहे," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

त्याचं नाव त्रिविक्रम. सरकारी कारखान्यात इंजिनिअर. रविवारी कॅन्टोन्मेंटमधल्या क्लबात स्नूकरची फायनल होती आणि हा तिथवर पोचला होता. अण्णा आले, क्यू ठेवून घेतला, "शनिवारी न्या" म्हणाले. तो गेला. मी जाळी पुरी केली, बाकीच्या पाचांवर ठेवली. गुरुवारी अण्णा सहाही जाळ्या घेऊन क्लबात गेले.

शुक्रवारी टोपली आवरताना बुडाशी सूत सापडलं. चांगलं दोन हात.

मी प्रत्येक जाळीला सूत मोजून तोडते. उरलं तर बोटभर उरतं. दोन हात उरलं याचा अर्थ दोन ओळी कमी! आणि ती शेवटची जाळी अण्णांच्या ठरल्या क्रमाने डाव्या मधल्या पॉकेटला बसलेली.

अण्णांना सांगायचं तर कसं? क्लबच्या सेक्रेटरींना कलकत्त्याहून कारागीर आणायचे होते. भर सभेत अण्णा त्यांना म्हणाले होते, "फायनलला एक बॉल जरी पॉकेटातून परत आला, तर मी पुन्हा टेबलाला हात लावणार नाही." अण्णा बोलले म्हणजे बोलले. तीस वर्षांचं काम दोन ओळींपायी जाणार होतं. शिवाय त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, लक्ष कुठे होतं? त्याचं उत्तर मी काय देणार होते?

ती रात्र मी डोळे उघडे ठेवून काढली. शनिवारी त्रिविक्रम क्यू न्यायला आला. अण्णा बाहेर होते, आई आत फोडणी देत होती. क्यू त्याच्या हातात दिला, पण दुसरं टोक मी सोडलंच नाही.

"काय झालं?"

मी भडाभडा सगळं सांगितलं. अगदी सातव्या ओळीपासून. सांगताना कळलं की मी दुसरंही काहीतरी सांगून बसले आहे. तो चष्मा पुसू लागला... खूप वेळ पुसत राहिला.

"जाळी बदलता येणार नाही?"

"चामड्याला शिवलेली, चामडं खिळ्यांनी ठोकलेलं. अण्णांशिवाय कुणाला जमणार नाही. तुम्ही कुणाला सांगायचं नाही, शपथ घ्या."

"घेतली. पण समोरच्याला ठाऊक नसताना मला एकट्याला ठाऊक असणं म्हणजे चोरीच झाली." त्याने विचार केला. "त्या पॉकेटात मी मारणारच नाही. समोरच्याने मारला, की लगेच गुण मांडणाऱ्या मार्करला पॉकेट रिकामं करायला सांगेन. जाळी भरली नाही, तर बॉल परत यायचा नाही. सरी? चालेल?"

त्याच्या तोंडी आमचं 'सरी' ऐकून मला रडूच आलं.

रविवारी दुपारी अण्णांचा डबा घेऊन मी क्लबात गेले. त्या खोलीत बायकांना मज्जाव. मी मागच्या व्हरांड्यात, खिडकीच्या झडपांना डोळा लावून उभी राहिले. अर्धं टेबल दिसत होतं. कोपऱ्यात स्टुलावर अण्णा, कोट घातलेले, हात गुडघ्यांवर.

टप्प... जाळीत बॉल पडला की असा मऊ आवाज येतो. प्रत्येक टप्प ऐकून मी श्वास सोडत होते.

समोर पद्माकर वकील होते, क्लबचे जुने खेळाडू. त्यांचे बॉल सारखे डाव्या मधल्या पॉकेटातच जायला लागले, जणू दुसरी पॉकेटं बुजवली होती! दर वेळी त्रिविक्रमचा आवाज यायचा, "कृष्णमूर्ती, खाली माडी." आणि मार्कर कृष्णमूर्ती वैतागत ते रिकामं करायचा. चौथ्यांदा तो पुटपुटला, "अय्यो, एकच तर बॉल आहे!"

अण्णांनी मान वर करून त्रिविक्रमकडे पाहिलं. मी झडपेपासून मागे सरले.

शेवटी एकटा काळा बॉल उरला. जो घालेल त्याचा कप. पाळी त्रिविक्रमची होती आणि काळा बॉल डाव्या मधल्या पॉकेटसमोर सरळ उभा. शेंबड्या पोरालाही जमला असता. जाळी रिकामी होती.

'मारा ना,' मी झडपेशी कुजबुजले. 'हळू मारा, जाईल...'

तो वाकला. उठला. टेबलाला वळसा घालून दूरच्या कोपऱ्यावर नेम धरला. लोकांत कुजबुज झाली. ठक, ठक! नेम जरा हुकलेला काळा बॉल अण्णांनी कापलेल्या दोन्ही ओठांवर आपटला आणि तोंडाशीच थांबला. वकिलांनी तो सहज आत लोटला.

टाळ्या झाल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. अण्णांचा शब्द वाचला होता, आणि मला ढसढसा रडावंसं वाटत होतं.

तो व्हरांड्यात आला.

"रिकामी होती ना जाळी!" मी जवळजवळ भांडलेच.

"माहीत होतं. पण माझा हात थरथरत होता, हळू बसला नसता. जोरात बसून रिकाम्या उथळ जाळीतूनही बॉल परत आला असता तर? कपासाठी पुढच्या वर्षी पुन्हा येता येईल. अण्णांचा शब्द गेला असता, तर तुमच्या दारात कुठल्या तोंडाने आलो असतो?"

"आता दारात कशाला यायचंय? क्यू तर नेलात."

"टोपडं विणून घ्यायला," तो हळूच म्हणाला. "आज नको. दोनेक वर्षांनी... तुमची हरकत नसेल तर."

मी काही बोलायच्या आत मागे अण्णा उभे! त्यांनी कोटाच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. माझीच जाळी. नऊ ओळींची.

"सकाळी सगळ्या पॉकेटांत बॉल टाकून पाहिले," अण्णा म्हणाले. "ही उथळ निघाली. बदलली."

त्रिविक्रमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"जाळी चांगली असताना हे सारखं रिकामं करायला का सांगतात, मला कळेना," अण्णा त्याला म्हणाले. "मग तुम्ही काळा सोडलात, तेव्हा कळलं." ते माझ्याकडे वळले. "लक्ष कुठे होतं, ते आता विचारत नाही."

मग ते पुन्हा त्रिविक्रमकडे वळले.

"पुढच्या रविवारी जेवायला या," अण्णा म्हणाले. "आणि येताना वडिलांचा पत्ता लिहून आणा."

त्रिविक्रमने माझ्या हातातली जाळी घेतली आणि आत मूठ घालून पाहिली. "उथळ आहे खरी," तो स्वतःशीच म्हणाला. "पण टोपड्याला पुरेल."

"काय म्हणालात?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो, आणि शुक्रवारपासून पहिल्यांदा मला हसू फुटलं.