धाकटीच्या खोलीतली शांतता

मी आवाज साफ करते. लोकांनी रेकॉर्ड केलेली भाषणं, मुलाखती, गाणी माझ्याकडे येतात आणि त्यांतला खोकला, खुर्चीची करकर, पोटातली गुडगुड मी काढून देते. सतरा वर्षं हेच करतेय. त्यामुळे कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मला हसू येतं. माझ्या अनुभवात बहुतेक भुतं फ्रीजच्या मागे राहतात.

माझी धाकटी बहीण कवळ्या घडवते. दिवसभर परक्यांचे दात, आणि संध्याकाळी तिची ती एक खोली. चाळिशी उलटली. लग्न नाही, प्रकरण नाही, आणि त्याचं दुःखही नाही. हे शेवटचं मला कायम खुपत आलंय. मी दोनदा प्रेमात तोंडघशी पडले, तिसऱ्यांदा लग्न केलं. नवरा चांगला आहे. पेपर मोठ्यानं वाचतो, आंघोळीत गातो, न सांगता मला चहा करून देतो. तरी त्याच्या शेजारी बसून मला एकटं वाटतं, आणि ही बया एकटी राहून मजेत.

यंदा तिनं एक गाणं केलं. चारच ओळी.

एक खोली, एक खुर्ची,
एक खिडकी, ऊन.
कोणी नाही यायचं.
बरी आहे.

वाद्य म्हणून पेटीचा एकच सूर. दोन ओळींमध्ये बारा-पंधरा सेकंद काहीच नाही.

"ताई, मधली जागा तशीच ठेवायची हं," ती म्हणाली. "तेच खरं गाणं आहे."

"दात करता करता अक्कलदाढ आली वाटतं तुला," मी म्हटलं. ती खळखळून हसली. मला नाही हसू आलं.

रविवारी सकाळी तिच्याकडे रेकॉर्डिंग केलं. मी रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन बाहेर जिन्यात बसले, माइकची वायर दाराखालून आत, आत ती एकटी. गाण्याआधी एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची, ही आमच्या कामातली पद्धत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे गाण्यातलं काही कापलं तर तिथे भोक पडतं, ते त्याच खोलीच्या शांततेनं बुजवायचं. दुसऱ्या खोलीची चालत नाही. काय चुकलंय ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

घरी येऊन हेडफोन लावले. पहिल्या ओळीनंतर धाकटीचा श्वास ऐकू आला. त्याच्या मागोमाग दुसरा.

मी पुन्हा ऐकलं. दुसरा श्वास जड होता, संथ होता. जेवून खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा असतो तसा. कुठेही घाई नाही. प्रत्येक रिकाम्या जागेत तो होता, आणि शेवटच्या 'बरी आहे'नंतर तर माइकच्या अगदी जवळ.

म्हणजे पाणी मुरत होतं तर! 'कोणी नाही यायचं' म्हणे. माझ्या पोटात इतकं दुखलं की मी दुपारीच उठून तिच्याकडे गेले. न्हाणीघरात डोकावले, कपाट उघडलं. एक टूथब्रश, एक टॉवेल, चपलांचा एक जोड.

"काय हरवलंय तुझं?" तिनं विचारलं.

"सकाळी कोण होतं इथे?"

"मी."

"आणि?"

"आणि कोण असणार, ताई?" ती लपवाछपवी करत नव्हती. तिला ते येतच नाही.

मग मी मशीन खोलीच्या मधोमध ठेवलं, फ्रीजचं बटण बंद केलं, खिडकी लावली. दाराला कुलूप घालून आम्ही दोघी दहा मिनिटं खाली फाटकापाशी उभ्या राहिलो. ती मला एका म्हाताऱ्याच्या कवळीचा किस्सा सांगत होती. मी हं हं करत होते.

घरी जाऊन ऐकलं. दहाही मिनिटं तो श्वास होता.

मला भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला. रडून, भांडून, कुणाकुणाच्या पाया पडून मला जे मिळालं नाही, ते हिला न मागता मिळालं होतं आणि हिला त्याचा पत्ताही नव्हता.

मी तो श्वास गाण्यातून कापला. एकूण एक. कापलेलं टाकायचं नाही हाही आमचा नियम, म्हणून तुकडे एकापुढे एक जोडून ठेवले. भोकं बुजवायला तिच्या खोलीची शांतता घेता येईना, तिच्या प्रत्येक सेकंदात तो होता. मग माझ्या हॉलची घेतली. नवऱ्याला म्हटलं, एक मिनिट गप्प बस. तो बिचारा हाताची घडी घालून शहाण्यासारखा सोफ्यावर बसला.

साफ केलेलं गाणं धाकटीला पाठवलं. जोडलेले तुकडे मी काम करताना ऐकायला लागले. रोज. मग दिवसभर.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"ताई, तू गाण्यातनं काय काढलंस?"

"खरखर होती थोडी."

"परत घाल ना."

"का गं?"

"काल मी दार उघडं टाकून बसले होते. जिन्यात कुणाची तरी चाहूल लागावी म्हणून. असं मला कधीच झालं नव्हतं."

फाइल माझ्यासमोर उघडी होती. दोन बटणांचं काम होतं.

"पुसलं गेलं," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी हेडफोन काढून ठेवले. आता त्यांची गरज लागत नव्हती. श्वास हॉलमध्येच होता, माझ्या उजव्या हाताला, संथ. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. सतरा वर्षांची सवय म्हणून एका सकाळी चहाच्या वेळी मशीन चालू ठेवलं.

नंतर ऐकलं. कपबश्या वाजल्या. "साखर कमी झालीय का?" हा माझा आवाज.

मग रिकामं.

मग माझं हसणं. नवऱ्यानं काहीतरी उत्तर दिलं होतं, मजेशीर, मला नीट आठवतं. मशीनच्या पडद्यावर त्याच्या आवाजाच्या जागी सरळ रेघ होती.

पुढे पेपर वाचला होता त्यानं, निदान पाच मिनिटं. सरळ रेघ. मधे फक्त पानं उलटल्याचा आवाज. दोन श्वास होते. एक माझा, दुसरा तो जड, संथ.

शनिवारी धाकटी आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. दारातच उभी राहिली.

"ताई, खरं सांग. सगळं पुसलंस? काहीच उरलं नाही?"

"काहीच नाही."

तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, कान दिल्यासारखं. मी दार थोडं ओढून घेतलं. ती गेली.

मी मागे वळले. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. माझ्याकडे बघून तो काहीतरी विचारत होता. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. ओरडत असावा. मला फक्त तो संथ श्वास ऐकू येत होता.

मी हसून मान हलवली आणि कामाला बसले.