फाल्गुनातल्या धुराचा फोटो

पंचाहत्तर सालचा फाल्गुन. भोकरदनच्या शाळेच्या गच्चीवर तातेराव आला, तो एक चप्पल पायात आणि दुसरी हातात घेऊन! चपलेचा अंगठा तुटलेला, फरशी तापलेली... बिचारा बगळ्यासारखा एका पायावर उभा.

सत्यशीला खुदकन हसली. वनखात्यानं तिला रोजंदारीवर निरीक्षक नेमलेलं. उपग्रह वरून जायचा त्या सकाळी साडेनऊला डोंगराकडं बघायचं आणि वणव्याचा धूर कुठून कुठं चालला ते वहीत लिहायचं. पुढं ते फोटोशी ताडून बघायला हा तातेराव, खात्याचा तपासनीस. मूळचा कुंभार पिंपळगावचा.

"हसून राह्यल्या व्हय? जालन्याच्या स्टँडापासून असाच आलो."

"मंग द्या इकडं. पिन हाय माझ्याकडं."

"बोटाला टोचंल..."

"टोचू द्या."

दोन डोकी एका चपलेवर वाकली. पाच मिनिटांचं काम, पण तास गेला, आणि त्यातच साडेनऊ वाजून गेले! तो गेल्यावर तिनं घाईघाईनं लिहून टाकलं — धूर नाही.

मग काय, स्वारी दर महिन्याला हजर. कधी वही तपासायला, कधी पेन विसरलं म्हणून. एस.टी.चा हॉर्न वाजला की सत्यशीला उगाच वेणी पुढं घ्यायची.

उपग्रहाचे फोटो तेव्हा परदेशातून यायचे. माणसाला वाट बघायची सवयच होती म्हणा! फाल्गुनातला फोटो आला दिवाळीनंतर. तो घेऊन गच्चीवर आलेल्या तातेरावचा चेहरा पार उतरलेला. फोटोत डोंगराच्या सुरकुत्या, आणि तिथून भोकरदनवरून लांबवर गेलेली पांढरी रेघ.

"धूर," तो म्हणाला. "वहीत न्हाई."

सत्यशीलानं वहीतलं ते पान काढलं — धूर नाही. आठ दिवसांत तिला कायम करायचा हुकूम निघणार होता. नोंद खोटी ठरली की गेली नोकरी.

"खोडून लिहा," तो हळूच बोलला. "मी बघितलंच न्हाई समजा."

"बिलकुल न्हाई. मंग ह्या वहीवर भरवसा कोण ठेवंल?" तिनं वही मिटली. "पण साहेब... तुम्ही बी त्या दिवशी इथंच होतात. तुम्हाला कुठं दिसला?"

तातेराव कानापर्यंत लाल! त्यानं पेन काढलं, अहवाल लिहिला आणि वाचून दाखवला. "तपासनीस व निरीक्षक दोघेही हजर होते. दोघांनीही डोंगराकडे पाहिले नाही."

"अहो, तुमची बी नोकरी जाईल!"

"जाऊ द्या. तुमच्या एकटीवर कसं ढकलू?" त्यानं पेन परत कागदावर टेकवलं. "कारणाचा रकाना राह्यलाय. काय लिहू?"

सत्यशीला पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. नऊ महिने ओठांपर्यंत येऊन परतलेलं ते वाक्य... आज नाही तर कधीच नाही.

"लिहा — मी तुमच्याकडं बघत होते."

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"हे खात्याला कशाला? मी बी तेच करत होतो. पण ते आधी तुमच्या आईला सांगतो. घरी हायेत का मालनबाई?"

"हायेत," ती म्हणाली, आणि त्याच्याआधी जिना उतरू लागली.

नोकऱ्या वाचल्या, बरं का! खात्यानं दोघांना एकेक लेखी ताकीद तेवढी धाडली. जरा उशिराच धाडली, म्हणून दोन्ही पाकिटं एकाच पत्त्यावर आली.