मोठ्या अक्षरातली छोटी

"वहिनी, माझा फोटो काढून टाकलास?... एवढं होतं मनात, तर तोंडावर बोलायचं होतंस!"

टेबलावर ठेवलेल्या फोनमधून छोटीचा आवाज आला आणि खोलीतलं हसणं जागच्या जागी थांबलं. आत्ताआत्तापर्यंत घर किती आनंदात होतं! जुन्या सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवून देणारं त्यांचं खालच्या मजल्यावरचं दुकान आज पहिल्यांदाच इंटरनेटवर आलं होतं, आणि ती वेबसाइट कोणा कंपनीने नव्हे, तर घरच्या थोरल्या सुनेने, वहिनीने, स्वतः शिकून, रोज डोळे चोळत चोळत तयार केली होती. कौतुक ऐकायला म्हणून तिने लग्न होऊन परगावी गेलेल्या आपल्या नणंदेला हौसेने फोन लावला होता... आणि ऐकायला मिळालं हे!

"अगं, काढीन कशाला? आहे की तुझा फोटो! बाबांच्या शेजारीच आहे, निळ्या खुर्चीतला!"

"इथे नुसती रिकामी चौकट आहे, वहिनी. बाबा आहेत, दोन्ही दादा आहेत. माझ्या जागी मात्र फाटक्या चित्राची खूण!"

वहिनीने घाईघाईने लॅपटॉप उघडला, 'आमची माणसं' हे पान काढलं आणि नवऱ्यापुढे धरलं. "अहो, बघा ना! आहे की नाही?"

फोटो होता. छोटी चांगली खळखळून हसत होती. नवऱ्याने तो पाहिला, मग स्वतःच्या मोबाइलवर वेबसाइट उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. "इथे नाहीये गं..." तो चाचरत म्हणाला.

सासऱ्यांनी आपल्या मोबाइलवर पाहिलं. तिथेही नव्हता. त्यांनी चष्मा काढला, आणि कधी नव्हे ते सुनेकडे न बघता बोलले, "म्हणजे घरात आम्हाला एक दाखवायचं, आणि जगाला दुसरं... असंच ना, सूनबाई?"

पलीकडून फोन केव्हाच बंद झाला होता.

छोटीला वहिनी काढून टाकणार? लग्न होऊन ती या घरात आली आणि वर्षाच्या आतच सासूबाई गेल्या. तेव्हा छोटी शाळेत होती, रात्री दचकून उठायची आणि आईऐवजी वहिनीचा हात शोधायची. वहिनीला तेव्हा कॉम्प्युटरच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. तो तिने सोडून दिला आणि छोटीच्या वेण्या घालायला घेतल्या! त्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. तिच्या मते त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. पोर समोर रडत असताना कुणी वह्या उघडून बसतं का? आणि आज त्याच पोरीने विचारावं, 'काढून टाकलास?'

खरं म्हणजे ही वेबसाइट करण्याचा अर्धा हट्ट छोटीसाठीच होता. लग्नाआधी दुकानात कोणत्या खुर्चीला कोणतं कापड शोभेल ते छोटीच ठरवायची, गिऱ्हाइकं तिला विचारून जायची. ती सासरी गेली, दुकानाची पाटी नव्याने रंगवली गेली, आणि सासऱ्यांनी स्वतःच्या नावापुढे सहज लिहून घेतलं : 'आणि मुलगे'. माहेरी आलेली छोटी त्या पाटीखाली उभी राहिली, वर आली आणि चहा न घेता निघून गेली. तेव्हापासून ती फक्त वहिनीशीच काय ते बोलायची. वहिनीच्या मनाने घेतलं होतं, पाटीवर जागा नाही मिळाली तर नाही... मी तिला दुसरीकडे जागा करून देईन!

पण शिकायचं म्हटल्यावर या घरातल्या शहाण्यांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. धाकटा दीर एका कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळायचा आणि घरी आला की व्याख्यान द्यायचा, म्हणून त्याला सगळे प्रोफेसरच म्हणत. वहिनीने एकदा जेवताना विचारलं, "वेबसाइट करायला शिकायचं तर कॉम्प्युटर कोणता लागतो रे?" बस्स! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही.

"लिनक्स! डोळे मिटून लिनक्स!" प्रोफेसर म्हणाला. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी तेच चालायचं.

"हिशेब विंडोजवर करतो आपण, तेच बरं," नवरा म्हणाला.

"मॅक घे गं, डोक्याला ताप नाही," छोटीने फोनवरून सांगितलं.

मग प्रोसेसर निघाला, रॅम निघाली, पडदा केवढा हवा ते निघालं. प्रोफेसर तक्ते करून आणायचा, नवरा त्यात खोट काढायचा, सासरे दोघांवर ओरडायचे, आणि जिला शिकायचं होतं ती भांडी आवरता आवरता ऐकत राहायची. तिला काय हवं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही! तिला कधी कधी वाटे, हातातलं सगळं तिथेच सोडून जोरात किंचाळावं.

अखेर एका संध्याकाळी तिने हात पुसले आणि प्रोफेसरपुढे जाऊन उभी राहिली. "मला एक सांग. पहिलं पान लिहायला नेमकं काय लागतं?"

"तसं म्हटलं तर... लिहायला एक एडिटर आणि बघायला ब्राउझर."

"हे दोन्ही दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर आहे की नाही?"

"आहे, पण त्यावर विंडोज..."

"तुमच्या ह्या 'पण'मध्ये माझं शिकणं पुन्हा एकदा बुडेल रे!" तिचा आवाज फाटला. "कोणताही द्या, पण मला बसू द्या!"

आणि ती बसली. कळांच्या फटींत कापडाचे धागे अडकलेल्या त्या लॅपटॉपवर, दुपारी दुकान निवांत असताना, वेबसाइटच्या भाषेतली एकेक खूण घोकत. प्रोफेसरला मात्र अपमान झोंबला. "वेबसाइट जिथे ठेवतात ना, त्या सर्व्हरवर बहुतेक लिनक्सच असतं. तिथली वागणूक वेगळी असते. मग रडत येऊ नकोस," एवढं बोलून त्याने जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. वेगळी म्हणजे कशी, हे त्याने सांगितलं नाही. ती इतकी चिडलेली होती की तिनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वहिनी लॅपटॉपपुढे होती. एकेक ओळ तिने बोट ठेवून वाचली. कुठे काही चुकलेलं दिसेना. लॅपटॉपमध्ये साठवलेलं पान उघडावं, तर छोटी हसते. मोबाइलवर तीच वेबसाइट उघडावी, तर रिकामी चौकट! पुन्हा उघडावं, पुन्हा तेच. संतापाने तिने लॅपटॉपचं झाकण आपटलं आणि लगेच घाबरून उघडूनही पाहिलं.

"जाऊ दे ना आता," नवरा समजुतीने म्हणाला. "ते पानच काढून टाक."

"म्हणजे मग सगळ्यांची खात्रीच पटेल!" ती ताडकन म्हणाली.

मान, अभिमान सगळं गिळून ती पेनड्राइव्ह घेऊन प्रोफेसरच्या दारात गेली. कालचं सगळं त्याने आतून ऐकलं होतं आणि तो बाहेर आला नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

"तुझ्या त्या लिनक्सवर हे उघडून दाखव," ती म्हणाली. "हसायचं असेल तर हस, पण आधी उघड."

त्याने फोल्डर उघडलं, पान लावलं... आणि पडद्यावर सासरे आले, दादा आला, प्रोफेसर स्वतः आला. छोटीच्या जागी रिकामी चौकट!

"इथेही नाही!" वहिनी मटकन खाली बसली आणि इतका वेळ आवरलेले अश्रू घळाघळा वाहू लागले. "देवाशप्पथ सांगते, मी नाही रे काढला! माझ्यासमोर असते ती, आणि दाराबाहेर पडली की नाहीशी होते... मी आता कुणाकुणाला सांगू?"

प्रोफेसर हसला नाही. तो पडद्याजवळ वाकून फोल्डरमधली फोटोंची नावं वाचत होता.

"वहिनी, बाबा, दादा, मी... सगळ्यांच्या फोटोंना तू इंग्रजीत लहान अक्षरांत नावं दिलीस. मग एकट्या छोटीच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं कसं?"

वहिनीने पदराने डोळे पुसले. एखादा गुन्हा पकडला जावा तशी ती ओशाळली. "आपल्या लिपीत अक्षरं लहानमोठी असतात का रे कुठे? इंग्रजीत आहेत... पाटीवर तिचं नावच नाही, म्हटलं निदान इथे तरी तिला थोडा मान द्यावा. ते कुणाला दिसणार नव्हतं, माहीत होतं मला. तरी दिला."

"आणि पानावर फोटो बोलवायला तीच नावं लिहिताना मात्र सवयीने सगळी लहान अक्षरांतच लिहिलीस!" प्रोफेसरने कपाळाला हात लावला. "विंडोज सांभाळून घेतं, वहिनी. लहान काय नि मोठं काय, त्याच्या लेखी नाव एकच. माझं लिनक्स आणि तो सर्व्हर म्हणतात, ही नावं दोन, ही माणसं दोन! हे मला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं... पण मी फुगून बसलो होतो!"

दारात सासरे उभे होते. त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक. ते आत आले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतः छोटीला फोन लावला. "छोटे, फोन ठेवू नकोस. तुझा दादा काय सांगतोय ते ऐक. आमच्या सूनबाईवर मी फार मोठा अन्याय केलाय."

प्रोफेसरने सगळं सांगितलं, त्या मोठ्या अक्षरासकट.

"आता काही नाही," प्रोफेसर घाईने म्हणाला. "फोटोचं नाव लहान केलं की झालं."

"नाही!" वहिनी कडाडली. "तिला लहान करायचं नाही! पानावरची ओळ बदल, पाहिजे तर सगळं पान नव्याने लिहिते मी!"

"वहिनी..." छोटीचा आवाज आला, आणि तो कालचा आवाज नव्हता. "लहानच कर गं मला. त्या पाटीपायी मोठेपणा घेऊन भांडत बसले सगळ्यांशी... आणि तुझ्याशीसुद्धा! तुझ्यापाशी तरी मला छोटीच राहू दे."

वहिनीला समोरच्या कळा दिसेनात. प्रोफेसरने तिचा हात धरून योग्य कळेवर ठेवला, नाव बदललं, फोटो पुन्हा सर्व्हरवर चढवला. सासऱ्यांनी मोबाइलवर वेबसाइट उघडली आणि पान ताजं केलं. निळ्या खुर्चीत छोटी हसत होती.

"घरात दिसतं तेच बाहेर दिसतंय, सूनबाई," ते हळूच म्हणाले.

"मलाही दिसतंय!" छोटी रडता रडता हसली. मग एकदम म्हणाली, "वहिनी, तुझा फोटो कुठाय?"

सगळ्यांनी पानाकडे पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. छोटीच्या जागी निदान रिकामी चौकट तरी होती. वहिनीच्या जागी तीही नव्हती. कालपासून एका फोटोसाठी घर डोक्यावर घेणाऱ्या एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं!

"माझा कशाला?" वहिनी गोंधळून म्हणाली. "सुचलंच नाही मला."

सासरे खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि त्यांनी मोबाइल उचलून धरला.

"अहो बाबा, थांबा, तोंड तरी धुऊन येते..."

"नको. अशीच बस," ते म्हणाले.

"आणि दादा, ऐक," फोनमधून छोटी ओरडली, "माझं काढलेलं मोठं अक्षर वहिनीच्या नावाला लाव. आणि या वेळी फोटोला नि पानावर, दोन्हीकडे लाव!"